पुडी: गुटखा शाळेच्या गेटपर्यंत कसा पोचला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा मजकूर. बोललेलंच आहे, फक्त 'म्हणजे'ची संख्या जरा कमी केली आहे.

सुरुवातीला एक आकडा. २०१९ साली देशभरातल्या शाळांमध्ये १३ ते १५ वयाच्या मुलामुलींचा तंबाखूबद्दल सर्व्हे झाला, ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हे. ज्यांनी कधी ना कधी तोंडात ठेवायची तंबाखू खाल्ली होती त्यांना विचारलं, पहिल्यांदा कधी खाल्ली? उत्तरांमधलं मधलं वय निघालं ९.९ वर्षं. म्हणजे खाणाऱ्यांपैकी निम्म्या पोरांनी दहावा वाढदिवस व्हायच्या आधीच सुरुवात केलेली. बिडीचं हे वय १०.५ आणि सिगारेटचं ११.५. आपण चर्चा सिगारेटची करतो, सिनेमात इशारा धूर दिसला की येतो, पण पोरांच्या आयुष्यात पहिली येते ती गालात ठेवायची गोष्ट.

हे सांगितलं की मोठ्यांकडून एक ठरलेलं उत्तर मिळतं: वाईट संगत. पोरगं बिघडलं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. संगत तर चारशे वर्षांपूर्वीही होती, तंबाखू होती, सुपारी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून होती. मग सुपारी-तंबाखूचं मिश्रण शाळकरी पोराच्या खिशात जायला १९८० चं दशक का उजाडावं लागलं? पोरं अचानक बिघडली नाहीत. वस्तू बदलली. आजचा इतिहास त्या वस्तूचा आहे.

तर मागे जाऊ. तंबाखू मुळात आपली नाही. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनमध्ये पसरली. १६०४-०५ च्या सुमाराला अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतताना तंबाखू आणि एक नक्षीदार, रत्नं जडवलेली नळी घेऊन गेला. त्याने स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने विरोध केला, दरबारात वाद रंगला. अकबर पुढे त्या वाटेला गेला नाही, पण सरदारांना मात्र चटक लागली. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचं काय झालं ते चौकातल्या टपरीवर बघून या.

सुपारीची गोष्ट वेगळी. विडा हा आपल्याकडे मानाचा प्रकार. लग्नात, पूजेत, पाहुणचारात पान-सुपारी लागतेच. पण या मानाच्या वस्तूला कुंपण होतं. धर्मशास्त्रात ब्रह्मचाऱ्याला तांबूल वर्ज्य सांगितला आहे, आणि ब्रह्मचारी म्हणजे त्या काळचा विद्यार्थी. (विधवांनाही वर्ज्य होता, म्हणजे हे सगळं आरोग्यासाठी होतं असा गोड गैरसमज नको.) आजीच्या भाषेत तोच नियम असा: लहान मुलांनी विडा खाल्ला की जीभ जड होते. शास्त्रीय आधार काही नाही, पण काम व्हायचं.

नियमापेक्षाही मोठं कुंपण होतं ते त्या वस्तूचंच. पान ओलं असतं, दोन दिवसांत सुकतं. सुपारी कातरायला अडकित्ता लागतो. कात लागतो, चुना लागतो, आणि चुना जास्त झाला की तोंड भाजतं. हे सगळं आजोबांच्या कमरेच्या चंचीत नाहीतर माजघरातल्या पानाच्या डब्यात. पोराला 'जा रे, चुन्याची डबी आण' म्हणून पळवायचे, पण त्याच्या हाती डबा लागत नसे. चोरून खाल्लंच तर लाल ओठ म्हणजे पुरावा! दिवसभर ॲप बनवणारा माणूस म्हणून मला हे लगेच दिसतं. माणसाने एखादी गोष्ट करू नये असं वाटत असेल तर मध्ये दोन पायऱ्या वाढवायच्या, करावी असं वाटत असेल तर पायऱ्या काढायच्या. विड्याला आठ-दहा पायऱ्या होत्या.

विडा निरुपद्रवी होता असं मात्र समजू नका. तंबाखू घातलेल्या पानाने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८५ मध्येच नोंदवलं आहे. आणि एका बाबतीत पोरांसाठी, खास करून मुलींसाठी, कुंपण नव्हतंच. ती म्हणजे मिसरी. तंबाखू तव्यावर भाजायची, काळी होईपर्यंत, मग कुटून पूड करायची आणि सकाळी दाताला लावायची. महाराष्ट्राच्या खेड्यांत आजही बायका लावतात. आई लावते, दात दुखला की मुलीलाही लावते, आणि काही दिवसांत दात दुखायचा थांबला तरी मिसरी थांबत नाही. तिला व्यसन कुणी म्हणायचं नाही, ते दात घासणं होतं. तंबाखूवाल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर सरकारने १९९२ मध्ये बंदी आणली. घरच्या तव्यावर ती कशी लागू होणार?

आता डॉक्टरांकडे वळू, कारण पुढची गोष्ट कळायला एक आजार माहीत हवा. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोंडाच्या आतली त्वचा पांढरट, कडक, चामड्यासारखी झालेली. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी असेच रुग्ण मांडले आणि 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव चिकटलं. होतं असं की सुपारीत ॲरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. त्याने गालाच्या आतल्या थरात कोलॅजनचे तंतू साचत जातात. आधी तिखट सोसवत नाही, मिसळ खाल्ली की तोंडाची आग. मग तोंड उघडायला जड जातं. पाणीपुरी आत जात नाही. जांभई अर्धी. एकदा तंतू साचले की सुपारी सोडूनही गाल पूर्ववत होत नाहीत, आणि यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो.

हा आजार किती जणांना आहे हे मोजलं मुंबईतल्या एका अनपेक्षित ठिकाणच्या लोकांनी. टीआयएफआर, हो, तेच अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचं टीआयएफआर. तिथे दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मंडळींनी भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पन्नास हजारांहून जास्त गावकऱ्यांची तोंडं तपासली. नंतर आपल्या पुणे जिल्ह्यात एक लाखाहून जास्त. मोबाईल नाही, एक्सेल नाही. टॉर्च, आरसा आणि कागदी फॉर्म. आपल्याला आज 'पूर्वी असं नव्हतं' हे नुसतं आठवणीवर म्हणावं लागत नाही, ते या माणसांमुळे. भावनगरमध्ये तेव्हा हा आजार सापडला हजारात दोघांच्या आसपास. म्हणजे होता, पण दुर्मीळ.

आणि मग पुडी आली.

१९७० च्या दशकात कानपूरकडून पानमसाला बाजारात आला. सुपारी, कात, चुना, वेलची, सुगंध, सगळं कोरडं करून डब्यात भरलेलं. डबा महाग, ऑफिसातल्या साहेबाने टेबलावर ठेवायचा. दूरदर्शनवर त्याची जाहिरात आली तीही लग्नघरातली, अशोक कुमार आणि शम्मी कपूर या दोन ज्येष्ठांना घेऊन. वऱ्हाडाचं स्वागत कशाने करायचं, तर याने. विड्याचा सगळा मान एका झटक्यात डब्याला मिळाला.

त्याच काळात तिकडे तामिळनाडूत कडलूरचे चिन्नी कृष्णन शाम्पू छोट्या पुडीत भरून विकायच्या मागे होते. कल्पना साधी: ज्याच्याकडे बाटलीचे पैसे नाहीत त्याच्याकडे एका आंघोळीपुरते असतात. ऐंशीच्या दशकात ही पुडी किराणा दुकानात माळेसारखी लटकू लागली, आणि त्याच दोरीवर शाम्पूशेजारी पानमसाला आणि तंबाखू घातलेला गुटखा लटकला.

शाम्पूच्या बाबतीत पुडीने गरिबाला एक वस्तू परवडणारी केली. गुटख्याच्या बाबतीत पण तेच झालं, फक्त ग्राहक बदलला. पन्नास पैसे, एक रुपया. डब्याचे पैसे पोराकडे कधीच नव्हते, रुपया मात्र होता. मधल्या सुट्टीत खाऊला मिळालेला. अडकित्ता नको, चुन्याचा अंदाज नको, पान सुकायची भीती नको. फाडा, तळहातावर घ्या, तोंडात टाका. वास गोड, वेलची-गुलाबाचा. खिशात सपाट बसते, कंपासपेटीत मावते. विड्याच्या आठ-दहा पायऱ्या एका फॉइलच्या तुकड्याने गिळल्या. पहिली पुडी मित्र देतो म्हणून आपण संगतीला दोष देतो, पण मित्राला ती फुकट वाटणं परवडतं कारण ती रुपयाची आहे हे विसरतो.

शिवाय कायदा दुसरीकडे बघत होता. १९७५ मध्ये वैधानिक इशाऱ्याचा जो कायदा आला तो फक्त सिगारेटसाठी. गुटख्याचं नाव त्यात असणंच शक्य नव्हतं, तो अजून या रूपात आलाच नव्हता. नव्वदच्या दशकात गुटखा महाराष्ट्रात मोठा धंदा झाला. पुढे तर एका गुटख्याच्या ब्रँडचं नाव काही वर्षं फिल्मफेअर पुरस्कारांच्या आधी लागायचं. तेव्हा दहावीत असलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर चित्र काय होतं? एका बाजूला शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, दुसऱ्या बाजूला शाहरुखच्या हातातली ट्रॉफी आणि मागे गुटख्याचं नाव.

परिणाम कुठे दिसला? पुन्हा भावनगरमध्ये. टीआयएफआरमधले प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या गावांत पुन्हा पाहणी केली. सुपारी-तंबाखू घेणाऱ्या ५,०१८ पुरुषांमध्ये १६४ जणांना सबम्यूकस फायब्रोसिस. चौघे सोडून सगळे सुपारी खाणारे. बहुतेकांची सुपारी मावा या रूपात, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून. कारखान्यातली नाही, टपरीवाल्याने बांधलेली पुडी. मावा खाणाऱ्यांत दहातल्या एकाहून जास्त जणांना हा आजार होता. आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला भाग हा: सुपारीचं सेवन आणि आजार, दोन्ही साधारण ८५ टक्के पस्तिशीच्या आतल्यांमध्ये एकवटलेले. १९५२ मध्ये पाच जणींच्या वर्णनाने सुरू झालेला आजार चाळीस वर्षांत तरुण पोरांचा आजार झाला. १९९८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा शीर्षकातच विचारलं होतं की ही नवी साथ आहे का. साथ म्हटलं की आपण जंतू शोधतो. इथे जंतू नव्हता, वितरक होता.

आता बंदीची गोष्ट. ही जरा पटपट सांगतो, कारण ती त्याच त्याच वळणावर येते. तामिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या. २ ऑगस्ट २००४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी उडवली. मुद्दा गुटखा चांगला की वाईट हा नव्हता, तर भेसळविरोधी कायद्याच्या त्या कलमाखाली राज्याच्या अधिकाऱ्याला असा धोरणात्मक निर्णय घेता येतो का, हा होता. उत्तर आलं, नाही, तो अधिकार केंद्राचा. गोव्याने २००५ मध्ये वेगळी वाट काढली, आपल्याच सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला. दरम्यान केंद्राचा २००३ चा तंबाखू कायदा आला: अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नाही. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. तुमच्या शाळेच्या गेटपासून तेवढं चालून बघा आणि कोण कोण लागतं ते मोजा.

पुढे अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये नियम आला की कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन असता कामा नये. हा नियम धरून आधी मध्य प्रदेशने आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली. गंमत अशी की गुटखा कायद्याच्या कागदावर 'अन्न' ठरला म्हणून तो बंद करता आला. आपल्याकडे नंतर सुगंधित सुपारी, सुगंधित तंबाखू, मावा, खर्रा हेही यादीत आले. आदेश एका वर्षाचा असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने निघतो.

मग धंद्याने काय केलं? जिथे पानमसाल्यावर बंदी नाही अशा राज्यांत एका पुडीच्या दोन केल्या. एकीत पानमसाला, दुसरीत जर्दा, दोन्ही एकत्र विकायच्या आणि ग्राहकाने तळहातावर मिसळायच्या. आमच्याकडे याला वर्कअराउंड म्हणतात. आणि पानमसाला 'तंबाखूमुक्त' म्हणून टीव्हीवर येत राहिला, नाहीतर त्याच नावाची वेलची. खरं तर जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकली आहे, म्हणजे तंबाखूच्याच गटात. 'तंबाखू नाही, चालतं' हे वाक्य तिथेच संपलं. पण आयपीएल बघणाऱ्या पोरापर्यंत अहवाल पोचत नाही, हिरो पोचतो. २०२२ मध्ये अशाच एका वेलचीच्या जाहिरातीवरून लोक चिडले आणि अक्षय कुमारला माफी मागून बाहेर पडावं लागलं. कंपनीचं नाव मात्र सगळ्यांना पाठ झालं.

विदर्भातल्या श्रोत्यांनी एव्हाना मनात म्हटलं असेल, अरे, खर्र्याचं काय? बरोबर. तिथे पुडी कारखान्यातून येतच नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकमध्ये बांधून मिळतो. ट्रक पकडून तो थांबत नाही, कारण ट्रकमध्ये असते ती सुपारी. म्हणूनच गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने २०१६ पासून 'मुक्तिपथ' सुरू केलं तेव्हा भर गावावर ठेवला. गावाने ठरवायचं की इथे विक्री नको. मला हा मार्ग जास्त खरा वाटतो, कारण जुन्या चंचीभोवतीचं कुंपणही कायद्याने घातलेलं नव्हतं, आसपासच्या माणसांनी घातलेलं होतं.

बंदीने काहीच झालं नाही असं मात्र म्हणू नका, हे टपरीवरचं तत्त्वज्ञान आहे. प्रौढांच्या राष्ट्रीय सर्व्हेत २००९-१० मध्ये महाराष्ट्रात ३१.४ टक्के लोक तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये २६.६. यात ओढणारे चार टक्क्यांच्याही आत, बाकी बहुतेक सगळे तोंडात ठेवणारे. देशभरात १५ ते २४ वयोगटात घट आणखी ठळक आहे, १८.४ वरून १२.४. हे सगळं श्रेय एकट्या बंदीला देता येणार नाही. पण वस्तू दिसेनाशी झाली, महाग झाली, मागून घ्यावी लागली, म्हणजे पायऱ्या परत वाढल्या, की तरुण आधी गळतात. चाळीस वर्षं खाणारा आजोबा कुठूनही मिळवतो. सातवीतला पोरगा दुसऱ्या टपरीपर्यंत जात नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्ट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी आणली, त्यामागे हेच गणित होतं. सोळा वर्षांच्या पोराला पाकीट परवडत नाही, एक परवडते. बातमी आली तेव्हा लोक हसले, 'आता काय पाकीट घेतील'. ती टपरीवर नीट पाळली जाते का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्याच्या आदल्याच वर्षी ई-सिगारेट देशभर बंद झाली होती, आणि आज ती पेनड्राइव्हच्या आकारात, आंब्याच्या वासात, इन्स्टाच्या डीएमवर मिळते. खिशात मावणारी, गोड वासाची, कुणाला न कळणारी.

जाता जाता कामाचं. तोंड पूर्ण उघडा आणि मधली तीन बोटं उभी आत घालून बघा. साधारणपणे ती जातात. दोनच जात असतील आणि तुम्ही सुपारीतलं काहीही खात असाल, तर दंतवैद्याकडे जा, या आठवड्यात. मित्राचीही बघा. सोडायची मदत फोनवर मोफत मिळते, नॅशनल टोबॅको क्विटलाइन, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून हाच नंबर छापलेला असतो.

मिसरीवर स्वतंत्र एपिसोड करायचा विचार आहे. तुमच्या घरात कुणी लावत असेल आणि बोलायला तयार असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. चला, भेटू.